बारा तासांची ड्युटी आणि बहात्तर तासांचा आठवडा

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशीमचे नाव होते. शंभर जागा मिळाल्या. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. तेव्हापासून इथला गंभीर रुग्ण म्हणजे 'अकोल्याला न्या' हेच उत्तर ठरलेले. त्यामुळे महाविद्यालयाचा आनंद खरा आहे आणि तो आम्हालाही आहे. पण महाविद्यालय आले की जिल्हा रुग्णालय हे शिकवणारे रुग्णालय होते आणि एक हिशेब बदलतो. भारतीय परिचर्या परिषदेचे जुने मानक सांगते की साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक. त्यावर रजेसाठी तीस टक्के राखीव. म्हणजे एकही खाट न वाढवता, नुसती पाटी बदलली तरी, राखीव न धरताही, शंभर खाटांमागे वीसच्या जागी तेहतीस जणी लागतात. गेल्या काही वर्षांत या महाविद्यालयावर जेवढे बोलले गेले त्यात जागा, इमारत, प्राध्यापक, प्रवेश हे सगळे आले. परिचारिकांचा विषय क्वचितच निघाला.

ही तूट कागदावर राहत नाही. ती कोणाच्या तरी झोपेतून भरली जाते. रिलिव्हर आली नाही म्हणून सकाळची सिस्टर दुपारीही थांबते. नाईटची सिस्टर सकाळी हँडओव्हर देता देता दोन तास आणखी उभी राहते. नाईट ऑफच्या दिवशी फोन येतो, 'फक्त आजचा दिवस या.' खासगी दवाखान्यांत तर तेवढेही लपवलेले नाही. राज्यभरातल्या लहान रुग्णालयांत आठ ते आठ, आठवड्याचे सहा दिवस, ही नेमणुकीचीच अट असते.

बारा तासांच्या पाळीची बाजू घेणारे नेहमी एक मुद्दा पुढे करतात: माणसे कमी आहेत, म्हणून पाळी लांबवावी लागते. हा मुद्दा आकड्यांवर घासून पाहू. प्रसूती कक्षात एक परिचारिका चोवीस तास, सातही दिवस हजर ठेवायची, तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. एकीने आठवड्याला ४८ तास काम केले तर साडेतीन जणी लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण धरले तर साडेचारच्या पुढे. आता पाळी आठ तासांची ठेवा की बारा तासांची, आठवडा ४८ तासांचाच राहिला तर साडेतीनचा आकडा तसूभरही हलत नाही. आठ तासांच्या सहा पाळ्या किंवा बारा तासांच्या चार पाळ्या, बेरीज तीच. मग लांब पाळीने माणसे वाचतात कुठे? ती वाचतात फक्त आठवडा मोडल्यावर. सहा दिवस बारा-बारा तास म्हणजे ७२ तास, आणि मग साडेतीनच्या जागी अडीचहून कमी जणींत भागते. एका जागेमागे एकीहून जास्त पगार वाचतो. परिचारिकांच्या पाळीबद्दल जो वाद चालतो त्यात हा हिशेब कोणी मांडत नाही, आणि तो न मांडल्यामुळेच लांब पाळी ही नाइलाजाची सोय वाटते. प्रत्यक्षात तो रिक्त जागांवर टाकलेला पडदा आहे.

अमेरिकेचे उदाहरण दिले जाते. तिथे बारा तासांची पाळी रूढ आहे हे खरे, पण आठवड्याला अशा तीन पाळ्या, एकूण ३६ तास, आणि चार दिवस सुट्टी. आपल्याकडे त्यातले बारा तास उचलले आणि तीन दिवस तिथेच ठेवले. शिवाय तिथलेच संशोधक याच पद्धतीबद्दल दोन दशके धोक्याची घंटा वाजवत आहेत. अ‍ॅन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये परिचारिकांच्या कामाच्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा साडेबारा तास किंवा त्याहून अधिक चाललेल्या पाळीत चूक होण्याची शक्यता तिप्पट दिसली. युरोपातल्या बारा देशांतली ४८८ रुग्णालये आणि एकतीस हजारांवर परिचारिका यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा तास किंवा अधिक राबणाऱ्यांनी आपल्याच वॉर्डातली सेवा निकृष्ट असल्याचे आणि कामे अर्धवट सुटत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. २००२ मध्ये लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांवरून दाखवले होते की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. एकेन यांच्या अभ्यासातल्या रुग्णालयांत एका परिचारिकेकडे सरासरी चार ते आठ रुग्ण होते. आपल्या सरकारी वॉर्डात एकीकडे तीस-चाळीस रुग्ण असणे ही बातमीही होत नाही.

परदेशातले आकडे बाजूला ठेवून वाशीमच्या वॉर्डात येऊ. या जिल्ह्यातली रात्र कशी असते ते जाणल्याशिवाय पाळीच्या तासांवर बोलणे व्यर्थ आहे.

सोयाबीन आणि तुरीचा हा जिल्हा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. चाव्याची खूण दिसत नाही, वेदना फारशी नसते आणि रुग्ण पहाटेपर्यंत बरा वाटतो. मग पापण्या जड होतात, आवाज घोगरा होतो, श्वास उथळ होतो. हा बदल पहिल्यांदा कोणाला दिसायला हवा? डॉक्टर त्या वेळी अपघात विभागात असतो किंवा शस्त्रक्रियेत. दर काही मिनिटांनी पापण्यांकडे आणि छातीकडे बघणारी व्यक्ती सिस्टरच असते. फवारणीचे औषध पोटात गेलेला शेतकरी येतो. पश्चिम विदर्भातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात हा रुग्ण परका नाही. त्याला अ‍ॅट्रोपिन सुरू होते. ते कमी पडले तर फुप्फुसात स्राव साचून माणूस गुदमरतो, जास्त झाले तर भ्रम होतो आणि नाडी धावू लागते. मधली रेषा सापडते ती नाडी, बाहुली आणि छातीचा आवाज पुन्हापुन्हा तपासूनच. झटके आलेली गरोदर बाई येते. तिला मॅग्नेशियम सल्फेट देताना प्रत्येक डोसाआधी गुडघ्याची प्रतिक्रिया, श्वासाचा वेग आणि लघवीचे प्रमाण बघायचे असते. यातले एक राहिले तर औषधानेच श्वास थांबू शकतो. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी गर्भाशय आणि रक्तस्राव बघावा लागतो, कारण मुकाट्याने वाहणारे रक्त तासाभरात जीव घेते.

ही सगळी कामे लक्षाची आहेत, ताकदीची नाहीत. लक्षच पहिल्यांदा आटते. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी मोजून दाखवले की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. नाईटला आलेली सिस्टर सकाळी उठून घरचा स्वयंपाक, मुलांची शाळा उरकून रात्री आठला कामावर हजर होते. पहाटे चारला ती जवळपास बावीस तास जागी असते. तिने दुपारी झोप घ्यायला हवी होती असे म्हणणाऱ्याने दोन खोल्यांच्या घरात, भर दिवसा, लहान मुलासह झोपून दाखवावे.

समृद्धी महामार्गानेही या रात्री बदलल्या आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तीन तालुक्यांतून हा रस्ता जातो. रात्रीची भरधाव वाहतूक आली, तिच्यासोबत रात्रीचे अपघातही आले. जखमी पहिल्यांदा पोचतो तो जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. एकाच वेळी चार जखमी आले की त्या रात्रीची एकटी सिस्टर टाके, सलाईन, रक्तदाब, केस पेपर, पोलिसांची नोंद आणि नातेवाईक या सगळ्यांत विभागली जाते. त्याच वेळी आतल्या वॉर्डात खाटांवर रुग्ण असतातच. महामार्ग आखताना पथकर नाके कुठे असतील हे ठरले, तेव्हाच रात्रपाळीत किती हात वाढवायचे हेही ठरवायला हवे होते.

करोनाच्या काळात फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित सापडले आणि वाशीमचे नाव देशभर गेले. अशा वेळी परिचारिकांनी तास मोजायचे नसतात आणि त्यांनी ते मोजलेही नाहीत. आमचा आक्षेप आपत्तीतल्या जादा कामाला नाही. आपत्ती ओसरल्यावरही तीच घडी कायम ठेवण्याला आहे. टाळ्या-थाळ्यांच्या त्या दिवसांत ज्या कंत्राटी परिचारिका घेतल्या, त्यांतल्या अनेकींना लाट ओसरताच कमी केले गेले. काम मात्र कमी झाले नाही.

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा खरा आहे आणि तो नीट ऐकला पाहिजे. अनेक परिचारिकांनाच बारा तासांची नाईट चालते. याचे कारण एसटीच्या वेळापत्रकात आहे. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या तर एक पाळी रात्री दहा-अकराला बदलते. त्या वेळी मानोऱ्याहून किंवा मालेगावहून गावाकडे बस नाही, रिक्षा नाही, रस्त्याला दिवे नाहीत. ज्या बाईला रुग्णालयाच्या आवारात राहायला खोली नाही तिने मध्यरात्री जायचे कुठे? म्हणूनच अनेक सरकारी रुग्णालयांत सकाळ सहा तास, दुपार सहा तास आणि रात्र बारा तास अशी वाटणी रुळली. नाईटनंतर पुरेशी सुट्टी मिळत असेल, रात्री सोबतीला दुसरी सिस्टर असेल आणि आठवड्याची बेरीज सांभाळली जात असेल तर ही वाटणी चालण्यासारखी आहे. ती चालत नाही, कारण या तिन्ही अटी पहिल्या टंचाईतच वाऱ्यावर सोडल्या जातात. म्हणून पाळीचा प्रश्न निवासस्थान आणि वाहनाच्या प्रश्नापासून तोडता येत नाही.

हे कोणाला ठाऊक नाही असेही नाही. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचा आणि कामाच्या स्थितीचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश केंद्राला दिला. प्रशिक्षित परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेची ती याचिका होती. समितीने स्पष्ट सांगितले: दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात वेतन राज्य सरकारच्या परिचारिकेइतके, शंभर ते दोनशे खाटांत फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांत फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयात किमान वीस हजार रुपये. कामाचे तास, रजा, वाहन आणि निवास हे सरकारी परिचारिकांप्रमाणे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. केरळमध्ये परिचारिका रस्त्यावर उतरल्या आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारला वीस हजारांचे किमान मूळ वेतन अधिसूचित करावे लागले. वाशीम, रिसोड, कारंजा इथल्या लहान रुग्णालयांत किती जणींच्या हातावर वीस हजार पडतात याची चौकशी कामगार विभागाने एकदा करावी.

उलट आपल्याकडे पावले मागे पडत आहेत. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांविषयीच्या दोन कायद्यांत बदल मंजूर केले. कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास, दुकाने आणि आस्थापनांत नऊवरून दहा तास आणि तिथेच तिमाहीत जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तास. यावरची चर्चा कारखाने आणि माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांभोवती फिरली. पण २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याच्या व्याख्येत रुग्णालय, दवाखाना आणि प्रसूतिगृह यांचा स्पष्ट उल्लेख आहे, हे फार कमी जणांनी वाचले. आणि त्या बदलात आणखी एक वाक्य आहे, जे वाशीमसारख्या जिल्ह्यासाठी सर्वांत घातक आहे: हा कायदा आता वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू असेल. आधी ही रेषा दहावर होती. तालुक्याच्या गावातल्या पंधरा-वीस खाटांच्या रुग्णालयात सगळे मिळून किती माणसे असतात? बारा, पंधरा, अठरा. म्हणजे ज्या परिचारिकांना या कायद्याचे थोडेफार छत होते त्यांच्या डोक्यावरून तेही काढले जाते. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे समर्थन केले जाते. बारा हजारांवर काम करणाऱ्या, नुकत्याच एएनएम झालेल्या मुलीने मालकासमोर संमती नाकारावी अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी असा एखादा दवाखाना आतून पाहिलेला नाही. रुग्णालयांना या बदलातून वगळले पाहिजे. कापड विकणारा दमला तर मीटरभर कापड चुकीचे फाटते. परिचारिका दमली तर काय होते ते वर सांगितले आहे.

सरकारी बाजूला स्थिती बरी नाही. मे २०२२ मध्ये राज्यातल्या हजारो परिचारिका बाह्यस्रोतातून भरतीच्या विरोधात संपावर गेल्या. जुलै २०२५ मध्ये पुन्हा कंत्राटी भरतीच्याच प्रश्नावर बेमुदत संप करावा लागला. तीन वर्षांत तोच प्रश्न दुसऱ्यांदा रस्त्यावर आला. कंत्राटीकरण आणि लांब पाळी ही एकाच दोरीची दोन टोके आहेत. कायम नोकरीतली परिचारिका डबल ड्युटीला 'नाही' म्हणू शकते, अकरा महिन्यांच्या आदेशावरची म्हणू शकत नाही. म्हणून ड्युटी लिस्टमध्ये कोणाचे नाव पुन्हापुन्हा येते हे पाहिले की तिच्या नोकरीचा प्रकार विचारावा लागत नाही.

आणि काही विपरीत घडले की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी दहा दगावली. कारवाई झालेल्यांत कंत्राटी परिचारिका होत्या, त्यांची सेवाच संपवली गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात करोना अतिदक्षता विभाग जळाला, अकरा रुग्ण गेले, आणि अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि तीन परिचारिकांना. निष्काळजीपणा कोणाचा होता ते न्यायालय ठरवेल, त्यावर आम्ही बोलत नाही. पण अशा प्रत्येक चौकशीत पहिला कागद मागवला जायला हवा तो मागच्या महिन्याची ड्युटी लिस्ट: त्या रात्री त्या कक्षात किती जणी असायला हव्या होत्या, किती होत्या, जी होती ती त्याआधी किती तास काम करून आली होती, आणि मंजूर पदांपैकी किती रिकामी होती. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय महाविद्यालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण गेले, त्यात बारा नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा रिक्त पदांचा प्रश्न समोर आला. तोवर तो सगळ्यांना दिसत होता आणि कोणी हात लावत नव्हते. अकोल्याच्या खालोखाल वाशीमचे रुग्णही नांदेडच्या वाटेला लागतात. उद्या वाशीमचे महाविद्यालय पूर्ण क्षमतेने सुरू झाले की हिंगोलीच्या सीमेपासून पुसदच्या बाजूपर्यंतचे रुग्ण इकडे वळतील. खाटा वाढतील, अतिदक्षता विभाग वाढेल आणि तिथे तर एका खाटेला एक परिचारिका हे मानक आहे. आज जी ओढाताण आहे त्यात हा भार टाकला तर नांदेड इथे घडायला वेळ लागणार नाही.

जिल्ह्याच्या हातात काहीच नाही हे खरे नाही. २०१८ पासून वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे, नंदुरबार, गडचिरोली आणि धाराशिवसोबत. त्यात आरोग्याची कामगिरी महिन्याच्या महिन्याला मोजली जाते: किती प्रसूती रुग्णालयात झाल्या, किती बालकांना लस मिळाली. हे सगळे आकडे ज्यांच्या हातून तयार होतात त्या परिचारिकांनी आठवड्याला किती तास काम केले, हा आकडा त्याच फलकावर का नसावा? त्यासाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही. जिल्हा शल्यचिकित्सक आणि महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी ठरवले तर प्रत्येक वॉर्डाच्या दारावर रोज तीन गोष्टी लिहिता येतील: खाटांवर किती रुग्ण, या पाळीत किती परिचारिका, त्यांपैकी किती जणी सलग दुसऱ्या पाळीवर. रुग्णाच्या नातेवाईकाला सिस्टरवर ओरडण्याआधी निदान कळेल की ती एकटी चाळीस जणांना बघते आहे आणि सकाळपासून उभी आहे.

जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून रुग्णालयांच्या आवारात परिचारिकांची निवासस्थाने बांधता येतात, पडकी दुरुस्त करता येतात. रात्रपाळी सोडणाऱ्या वाहनाचा खर्च एखाद्या सभामंडपाहून जास्त नाही. रात्री कोणत्याही वॉर्डात एकटी परिचारिका ठेवायची नाही, सलग दोन पाळ्या द्यायच्या नाहीत, हँडओव्हरचा वेळ पाळीतच मोजायचा, दोन पाळ्यांत किमान अकरा तासांचे अंतर ठेवायचे आणि आठवड्याला ४८ तासांपुढे गेलेला प्रत्येक तास हजेरीपटावर जादा काम म्हणून लिहायचा, एवढे आदेश स्थानिक पातळीवर निघू शकतात. पदे भरणे राज्याचे काम आहे. पण तास लिहिले गेले तरच किती पदे कमी आहेत ते राज्याला नाकारता येणार नाही.

वैद्यकीय महाविद्यालयासाठी परिचारिकांची किती पदे मंजूर झाली, त्यांपैकी किती कायम स्वरूपात भरली, आणि उरलेल्या जागांचे तास सध्या कोण भरते आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत लेखी द्यावीत.